गाडीला झोपवताना

कोथरूडमध्ये वाढलेल्या मुलीला गाडीबद्दल दोनच प्रश्न माहीत असतात. पार्किंग मिळेल का आणि ॲव्हरेज काय देते? गाडीला थंडीसाठी झोपवायचं असतं, चार महिने नीट अंथरूण-पांघरूण करून द्यायचं असतं, हा फंडा माझ्या डोक्यात कधी शिरलाच नव्हता. आपल्याकडे थंडी म्हणजे काय? तर डिसेंबरात दोन आठवडे स्वेटर आणि एक चहा जास्त. स्कार्फ तर आपण पुण्याच्या मुली बारा महिने गुंडाळतोच!

मग कंपनीने ‘एक वर्षासाठी फक्त’ असं सांगून मला मिनियापोलिसला पाठवलं. ऑनसाइटचं एक वर्ष म्हणजे रिक्षावाल्याची ‘दोन मिनिटं’ असतात. आता चौथा हिवाळा झाला. इथली माणसं थंडीच्या गोष्टी आपल्याकडच्या भुताखेतांच्या गोष्टींसारख्या सांगतात. मी येण्याच्या आधीची एक सगळ्यांना पाठ आहे. ३० जानेवारी २०१९ ला सकाळी इथला पारा उणे ३३ सेल्सियसवर गेला होता. उणे! आपल्या डीप फ्रीझरमध्ये उणे १८ असतं. म्हणजे त्या दिवशी गारठलेल्या माणसाने फ्रीझर उघडून आत बसावं, जरा ऊब मिळेल!

पण आजची गोष्ट थंडीची नाही. गाडीची आहे. आणि थोडी बाबांची.

गेल्या नोव्हेंबरात एका रात्री आईचा फोन आला. आई कधीच थेट मुद्द्यावर येत नाही. आधी माझं जेवण, मग समोरच्या काकूंच्या सुनेचं बाळंतपण, मग एकदम, “अगं, बाबांची अँजिओग्राफी केली. तीन ब्लॉकेज आहेत. बायपास सांगितलीय.”

पाठोपाठ बाबा फोनवर. “काही विशेष नाही. पाइपलाइन चोक झालीय. बायपास टाकणार. तू तिकडे टेन्शन घेऊ नकोस.”

बाबांनी पिंपरीच्या एका कारखान्यात ३१ वर्षं काढली, शॉप फ्लोअरवर. जगातली कुठलीही गोष्ट त्यांना पंप, पाइप, व्हॉल्व्ह आणि बेअरिंगच्या भाषेतच कळते आणि सांगता येते. आईच्या गुडघ्याला ते ‘बुश गेलंय’ म्हणतात. त्यामुळे ‘पाइपलाइन चोक’ ऐकून मी हसले, फोन ठेवला आणि अर्धा तास बाथरूममध्ये बसून रडले.

मॅनेजर सॉल्लिड माणूस निघाला. एक महिना रजा आणि पुढचे अडीच महिने पुण्याच्या ऑफिसातून काम. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्याचं तिकीट काढलं. आणि मग लक्षात आलं, गाडीचं काय?

गाडी म्हणजे माझी २०१४ ची सेकंडहँड टोयोटा कोरोला. ऑटोमॅटिक, करड्या रंगाची, डाव्या दाराला पोचा. मी घराबाहेर रस्त्यावरच लावते. पण मिनियापोलिसमध्ये मोठा बर्फ पडला की महानगरपालिका ‘स्नो इमर्जन्सी’ जाहीर करते. तीन दिवसांचं वेळापत्रक असतं. आज मुख्य रस्ते रिकामे करा, उद्या सम नंबरांची बाजू, परवा विषम नंबरांची. म्हणजे आपल्या पी-वन पी-टू चा थोरला भाऊ. चुकीच्या बाजूला गाडी दिसली की सरळ टो. साडेतीन महिने रस्त्यावर गाडी सोडून जाणं म्हणजे ती दान करण्यासारखंच.

ऑफिसात सगळ्यांचं एकच मत. “विकून टाक यार. परत आलीस तर घे दुसरी.”

परत आलीस तर. हे ‘तर’ माझ्याही डोक्यात फिरत होतं. बाबांचं काही कमीजास्त झालं तर? आईला एकटं टाकून मी इथे स्प्रिंट प्लॅनिंग करत बसणार का? गाडी विकायची म्हणजे परत येणार नाही हे निम्मं ठरवून टाकायचं, आणि ठेवायची म्हणजे येणार हे लिहून द्यायचं. दोन्हींत दम नव्हता माझ्यात.

बाबांना फोनवर म्हटलं, “गाडी विकावी म्हणतेय.”

दोन सेकंद शांतता. मग म्हणाले, “चालू गाडी कशाला विकतेस? नीट ठेव आणि ये. इथलं काम झालं की परत जाऊन चालव.”

त्यावर मी काही बोलले नाही. बाबा कोरोलाबद्दल बोलत नव्हते, एवढं मला कळलं.

शेजारचे आजोबा

माझ्या घराच्या मागच्या गल्लीत एक आजोबा राहतात. वय ७८. आयुष्यभर स्कूलबस दुरुस्त करायचं काम केलं. त्यांच्याकडे १९६६ ची मस्टँग आहे, निळी. ही बाई नोव्हेंबरात झोपते आणि एप्रिलात उठते. चातुर्मासाची उलटी आवृत्ती! देव आषाढी एकादशीला झोपून कार्तिकीला उठतात, आणि साधारण त्याच सुमाराला हिची झोपायची वेळ होते. मी आजोबांना हे सांगितलं तर त्यांना जाम आवडलं. तेव्हापासून ते तिला ‘देवी’ म्हणतात.

आजोबांच्या गॅरेजमध्ये दोन गाड्यांची जागा. एक रिकामी. म्हणाले, “आण तुझी इकडे. भाडं नको. पण माझ्या पद्धतीने ठेवायची. आळस केलेला चालणार नाही.” मिनेसोटातले आजोबा आणि सदाशिव पेठेतले आजोबा यांच्यात फक्त भाषेचा फरक असतो, हे माझं मत तिथेच पक्कं झालं.

मग एका शनिवारी सकाळी आम्ही लागलो कामाला. मंडळी, यातलं बरंच काही तुमच्याही उपयोगाचं आहे. सहा महिने ऑनसाइटला निघाला असाल आणि गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये सोडून जाणार असाल, तर पुढचं नीट वाचा.

आधी आंघोळ

पहिलं काम धुण्याचं, आणि तेही खालून. इथे रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकतात. ते चाकांच्या वरच्या खोबणीत आणि गाडीच्या पोटाला चिकटतं. मीठ, ओल आणि लोखंड एकत्र आले की गंज वेगाने धरतो. तसंच चार महिने ठेवलं तर वसंतात गाडीच्या जागी चाळण मिळायची. आम्ही पोटाखालून फवारा मारणाऱ्या वॉशमध्ये गाडी नेली, नंतर वीस मिनिटं फिरवून वाळवली. ओली गाडी झाकायची नाही, हा नियम नंबर एक. मग वॅक्स. दाराचा पोचा आजोबांनी दोनदा पुसला, जणू पुसून जाणार होता.

नियम नंबर दोन आतल्या सफाईचा. सीटखालून काय काय निघालं सांगू? पार्लेजीचा चुरा, दिवाळीच्या चकलीचे तुकडे, भडंगाची अर्धी पुडी, नऊ टिश्यू पेपर. आजोबांनी भडंग हातात घेऊन विचारलं, “हे काय?” म्हटलं, “खाऊन बघा.” खाल्लं, डोळ्यांत पाणी आलं, आणि म्हणाले, “उंदरांसाठी हे फारच चांगलं आहे.”

पोट भरलेलं हवं

बाबांच्या मते गाडी ठेवायची तर टाकी रिकामी ठेवावी, कोणी पेट्रोल काढून नेऊ नये म्हणून. आजोबांच्या मते टाकी जवळपास काठोकाठ भरायची. रिकाम्या जागेत हवा राहते, हवेत ओल असते, थंड-गरम होताना तिचं पाणी धरतं. शिवाय इथल्या पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉल ओल ओढून घेतं. पेट्रोल नुसतं पडून राहिलं तरी हळूहळू बिघडतं. म्हणून ‘फ्युएल स्टॅबिलायझर’ नावाचं औषध मिळतं. ते टाकीत ओतायचं, वर पेट्रोल भरायचं आणि दहा-पंधरा मिनिटं गाडी चालवायची, म्हणजे औषध पार इंजेक्टरपर्यंत पोचतं. नुसतं टाकीत ओतून गाडी बंद केली तर तोंडात गोळी धरून न गिळण्यासारखंच.

ऑइल ठेवण्याआधी बदलायचं, उठल्यावर नाही. मी म्हटलं, नवीन ऑइल चार महिने नुसतं पडून राहणार, वाया नाही का? आजोबांनी डिपस्टिक माझ्या नाकाखाली धरली. वापरलेल्या ऑइलमध्ये जळण्यातून आलेली आम्लं आणि ओल असते. ते इंजिनात तसंच बसलं तर बेअरिंगला खात राहतं. “घाणेरड्या चादरीवर झोपवायचं नाही.”

मग कूलंट. रेडिएटरमध्ये नुसतं पाणी असेल तर ते गोठतं, गोठलं की साधारण नऊ टक्के फुगतं आणि इंजिनचा ब्लॉक तडकू शकतो. कूलंट आणि पाणी निम्मंनिम्मं असेल तर उणे ३७ पर्यंत चिंता नाही. तपासायला एक छोटी पिचकारी मिळते, आत रंगीत गोळ्या. कूलंट आत ओढलं की किती गोळ्या तरंगतात त्यावरून कळतं. माझ्या सगळ्या तरंगल्या. परीक्षेत पहिली आल्यासारखं वाटलं.

काच धुण्याच्या पाण्याची गोष्ट मात्र माझ्या इज्जतीचा फालुदा करणारी आहे. पहिल्या वर्षी मी पुण्याच्या सवयीने त्यात नळाचं पाणी आणि थोडा शाम्पू भरला होता. नोव्हेंबरात त्याची लादी झाली आणि टाकी फुटली. आता थंडीचं निळं लिक्विड भरते. ते उणे २९ पर्यंत तग धरतं.

बॅटरी, चाकं आणि हँडब्रेक

बॅटरीबद्दल ऐका, कारण इथेच सगळे आपटतात. गाडी बंद असली तरी अलार्म, घड्याळ, कॉम्प्युटर थोडा थोडा करंट पीत राहतात. महिन्या-दोन महिन्यांत बॅटरी बसू शकते. आणि बसलेली बॅटरी लवकर गोठते. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी मिनेसोटाच्या थंडीलाही दाद देत नाही, पण पूर्ण उतरलेली उणे सात-आठलाच गोठू शकते. म्हणून आधी निगेटिव्हची वायर काढायची, मग पॉझिटिव्हची, बॅटरी घरात आणून ठेवायची आणि अधूनमधून चार्ज करायची. आजोबांकडे ‘मेंटेनर’ आहे. तो गरज पडेल तेवढंच चार्ज करतो आणि गप्प बसतो. (असे नवरे मिळतात का, मी विचारलं. आजी आतून हसल्या.)

“सिमेंटवर ठेवू नका, बॅटरी उतरते,” असं बाबांनी फोनवरून बजावलं. आजोबा म्हणाले, त्यांचे वडीलही हेच सांगायचे. जुन्या काळच्या बॅटऱ्यांच्या पेट्यांबाबत ते असेल, आजच्या प्लॅस्टिकच्या पेटीला फरशीने काही होत नाही. तरीही त्यांनी ती लाकडी फळीवर ठेवली. दोन खंडांतल्या दोन बाबांचा मान राखला.

चाकांत हवा नेहमीपेक्षा थोडी जास्त, पण टायरवर लिहिलेल्या कमाल आकड्याच्या आत. कारण तापमान साधारण साडेपाच अंशांनी उतरलं की प्रेशर एक पीएसआयने उतरतं. कमी हवेवर गाडी महिनोन्महिने एकाच जागी उभी राहिली की टायर खाली चपटे होतात आणि मग गाडी बैलगाडीसारखी धडधडते.

आणि हँडब्रेक ओढायचा नाही! हे मला पटायला वेळ लागला. लहानपणापासून “हँडब्रेक ओढलास का” ऐकत मोठी झालेय मी. पण ओल्या हवेत महिनोन्महिने ओढलेला ब्रेक ड्रमला किंवा डिस्कला चिकटून बसतो. गाडी ‘पार्क’मध्ये आणि चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे, बस्स.

उंदीरमामा

थंडीत उंदरांना ऊब हवी असते. पेन्सिल जाईल एवढ्या भोकातून छोटा उंदीर आत शिरतो. वायरी कुरतडतो, एअर फिल्टरमध्ये घर करतो. म्हणून सायलेन्सरच्या तोंडात आणि हवा आत जाते तिथे स्टील वूल कोंबायचं. आपल्या भांडी घासायच्या तारेच्या घासणीचं बारीक भावंडं. आसपास सापळे लावायचे. डांबराच्या गोळ्या गाडीत टाकू नका, वास वर्षभर जात नाही.

पण सायलेन्सरमध्ये बोळा कोंबलाय हे चार महिन्यांनी लक्षात कसं राहणार? यासाठी आजोबांची युक्ती लै भारी आहे. स्टीअरिंगला लाल रिबन आणि तिच्यात एक चिठ्ठी. ‘बॅटरी घरात आहे. मागे बोळा आहे. पुढे बोळा आहे. हवा बघ.’ खाली तारीख. “स्वतःवर विश्वास ठेवू नकोस,” ते म्हणाले. “उठवणारी तू ठेवणाऱ्या तुझ्यापेक्षा वेगळी असशील.”

वरून कापडी कव्हर घातलं, हवा खेळणारं. प्लॅस्टिक अजिबात नाही, कारण त्याच्या आत ओल अडकते. विमा बंद केला नाही, कंपनीला कळवून उभ्या गाडीपुरता करून घेतला. आग, चोरी, गॅरेजचं छत कोसळणं या गोष्टी उभ्या गाडीलाही होतात.

शेवटचा वाद मात्र बाकी होता. बाबा म्हणाले होते, “आजोबांना सांग, दर आठवड्याला पाच मिनिटं स्टार्ट करून ठेवा.” आजोबांनी जोरात मान हलवली. पेट्रोल जळलं की पाण्याची वाफ तयार होते. इंजिन पुरेसं तापलं नाही तर ते पाणी ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्येच राहतं. बॅटरीतून स्टार्टरने जेवढं ओढलं, तेवढं पाच मिनिटांत परत जात नाही. आणि बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवणं म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, माणूसच झोपायचा. चालवायची तर अर्धा तास रस्त्यावर चालवा, नाहीतर हातच लावू नका. “झोपलेल्याला दर आठवड्याला उठवून, ‘नीट झोपलास ना’ असं विचारायचं नसतं.”

मी हे बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, “हं.” आमच्या घरात ‘हं’ म्हणजे ‘पटलेलं नाही, पण उत्तर सुचत नाही’.

सेल्फ

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी सर्जन भेटायला आले. समजावून सांगितलं, हृदय थोडा वेळ थांबवणार, तेवढ्या वेळात रक्त फिरवायचं काम मशीन करणार. आई पदर तोंडाला लावून उभी. बाबांनी विचारलं, “थांबवलंत ते ठीक. परत सेल्फ कसा मारता?”

सर्जन हसले. “बहुतेक वेळा रक्त परत सोडलं की ते आपलं आपण चालू होतं. नाहीच झालं तर एक छोटा झटका देतो.”

“म्हणजे जंपस्टार्ट,” बाबा माझ्याकडे बघून म्हणाले. आणि मग हळूच, फक्त मला, “बोळा काढायला विसरू नका म्हणावं.”

पाच तास आम्ही बाहेरच्या बाकावर बसून होतो. त्या पाच तासांबद्दल मी काही लिहिणार नाही. आपलं आपण चालू झालं.

नंतर त्यांना श्वासाच्या व्यायामाला एक प्लॅस्टिकचं खेळणं दिलं. तीन नळ्या, तीन गोळ्या, श्वास ओढून गोळ्या वर नेऊन धरायच्या. पहिल्या दिवशी एक गोळी जेमतेम हलली. मी त्यांना कूलंटच्या पिचकारीचं सांगितलं. पठ्ठ्याने बाराव्या दिवशी तिन्ही वर नेल्या आणि विचारलं, “आता उणे कितीपर्यंत चालेल?”

निळी ताडपत्री

घरी आमची जुनी मारुती ८०० होती, १९९९ ची. एप्रिलमध्ये छातीत पहिल्यांदा दुखलं तेव्हापासून बाबांनी चालवली नव्हती. कोणाला बोलले नव्हते, नुसतीच गाडी बंद केली होती. ‘हल्ली ट्रॅफिक फार’ असं म्हणायचे. आम्हाला खरं वाटलं. तिथेच आम्ही चुकलो. चालू माणूस कारण न सांगता गाडी लावून टाकतो तेव्हा विचारायला हवं होतं.

फेब्रुवारीत बाबा खाली उतरायला लागले तेव्हा आम्ही तिची ताडपत्री सोडली. प्लॅस्टिकची, निळी, सुतळीने आवळलेली. अख्खा पावसाळा तिच्याखाली गेला होता. छपराला जिथे प्लॅस्टिक चिकटलं तिथे रंग फुगून आत गंज. सीटवर पांढरी बुरशी. वायरिंग उंदरांनी तीन ठिकाणी खाल्लेलं. हँडब्रेक ओढलेला, मागचं चाक जाम. बॅटरी ठार. वॉचमन रोज पाच मिनिटं स्टार्ट करून देत होता, तरीही जुलैतच बसली होती!

बाबांनी एक फेरी मारली. ३१ वर्षं मशीन सांभाळलेला माणूस. म्हणाले, “तुझ्या त्या आजोबांना सांगू नकोस.”

मेकॅनिक आला. ड्रमवर हातोडीने टकटक करून चाक सोडवलं, वायरी जोडल्या, जुनं पेट्रोल काढलं, ऑइल बदललं, नवी बॅटरी घातली. चौथ्या सेल्फला ८०० खोकली आणि उठली. बाबांना दोन महिने तरी स्टीअरिंगला हात लावायची परवानगी नव्हती, छातीचं हाड नीट जुळेपर्यंत. मी चालवायला बसले. ते शेजारी. आपल्याच गाडीत डाव्या बाजूला बसायची त्यांची पहिलीच वेळ. सीटबेल्टखाली छातीला उशी धरली होती. पौड रोडने चांदणी चौकापर्यंत गेलो आणि आलो. जाताना मला सगळ्या गिअरला सूचना. येताना एकही नाही.

पार्किंगमध्ये आल्यावर म्हणाले, “ही विकू या आता. माझ्याच्याने व्हायचं नाही.”

मी म्हटलं, “चालू गाडी कशाला विकता? नीट ठेवा. आले की चालवते.”

ते “हं” म्हणाले. हा ‘हं’ वेगळा होता.

मार्चच्या शेवटी निघायच्या आधी आम्ही ८०० झोपवली, आजोबांच्या पद्धतीने. हे पुणेरी व्हर्शन तुम्हीही लिहून घ्या. धुऊन, वाळवून. टाकी भरलेली, कारण आता आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, म्हणजे ओलीची भीती दुप्पट. बॅटरी काढून घरात, महिन्याला एकदा चार्जिंग. गिअरमध्ये, चाकांना विटा, हँडब्रेक सोडलेला. सायलेन्सरमध्ये तारेची घासणी, आत सापळा. काचा बंद, डॅशबोर्डवर सिलिका जेलच्या पुड्या. कापडी कव्हर, आणि पावसाळ्याआधी छपराखालच्या जागेत हलवायचं सेक्रेटरींकडून कबूल करून घेतलं. ताडपत्री भंगारात.

मिनियापोलिसला पोचले तेव्हा कडेला काळपट बर्फ अजून होता. आजोबांनी बॅटरी आणून दिली. लाल रिबन सोडली, दोन्ही बोळे काढले, हवा भरली. गाडीखाली काही गळलंय का पाहिलं, ब्रेकचं पेडल दाबून पाहिलं. मग फोनवर बाबांना व्हिडिओ कॉल लावून डॅशबोर्डवर ठेवला आणि चावी फिरवली. पहिल्या सेल्फला.

बाबांनी डोळे मिटून आवाज ऐकला. “चांगली आहे,” म्हणाले. “ठेवणाऱ्याने नीट ठेवलीय.”

मग त्यांनी फोन घेऊन, एकेक पायरी सावकाश उतरत, मला खाली पार्किंगमध्ये नेलं. कव्हरचा कोपरा वर केला. काचेतून ८०० चं स्टीअरिंग दिसलं. त्याला आईच्या जुन्या साडीच्या काठाची लाल पट्टी, आणि कारखान्यातल्या त्या सरळ उभ्या अक्षरात चिठ्ठी.

‘बॅटरी वर कपाटाशेजारी. मागे घासणी. हवा पाहणे. आल्यावर.’

खाली तारखेची जागा मोकळी सोडली होती.

मी दिवाळीचं तिकीट बघतेय.